कान्हेरीचे दाते आणि आपली मुले

१८३७ सालची गोष्ट. कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीला असलेला जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी सांचीच्या स्तूपावरील लेखांचे ठसे पुढ्यात घेऊन बसला होता. अशोकाच्या काळची ब्राह्मी लिपी वाचणारे तेव्हा कोणी उरले नव्हते. सांचीच्या कठड्यावरचे लेख लहान लहान, एकेका ओळीचे. पण बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन:पुन्हा येत होती. इतक्या माणसांनी दगडावर एकच शब्द कोरून ठेवावा, असा तो शब्द कोणता असेल? प्रिन्सेपने अंदाज बांधला की तो 'दानं' असला पाहिजे. अंदाज खरा निघाला. 'द' आणि 'न' हाती लागले, त्यांच्या आधाराने बाकीची अक्षरे सुटत गेली आणि सम्राट अशोकाचे शिलालेख बोलू लागले. शेकडो वर्षे मुका पडलेला आपला इतिहास ज्या शब्दाने तोंड उघडता झाला तो शब्द दान हा आहे.

ही हकीकत आम्ही विहारातल्या रविवारच्या बालवर्गात सांगत होतो. मुले ऐकत होती. मागे नातीला घेऊन आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "ते दान-बिन पोरांना नका शिकवू. माझ्या सासूनं गावात दारोदार फिरून भाकर आणली. त्या लोकांच्या लेखी तेही दानच होतं."

वर्गात एकदम शांतता झाली. आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा प्रथम आठवल्या त्या ह्या आजीच.

आजींचे म्हणणे खोटे नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी येसकराची काठी धरून, गावाची वेस राखून, सांगावे पोहोचवून, मेलेली गुरे ओढून जी भाकर आणली ती त्यांच्या कामाची मजुरी होती. पण ती मजुरी म्हणून कधी हातावर ठेवली गेली नाही. वरून टाकली गेली, शिळी टाकली गेली, आणि वर तिला धर्माचे नाव दिले गेले. आम्ही गिरणी कामगार आहोत, मजुरी आणि खैरात यांतला फरक आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत हे उष्टे-शिळे मागणे आणि मेलेल्या गुरांचे मांस खाणे सोडून द्या, असे आपल्या लोकांना बजावून सांगितले. त्याच परिषदेत २० मार्चला लोक चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. तेव्हा ज्या घराने अशी भाकर नाकारायला शिकावे लागले, त्या घराला दान हा शब्द कडू लागला तर नवल नाही.

पण महाडचीच दुसरी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. चवदार तळ्यापासून थोड्या अंतरावर, गांधारपाले गावाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह, भिक्खूंसाठी खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढी करून दिल्याची नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. ज्या महाडात १९२७ साली माणसांना पाण्यासाठी मार खावा लागला, त्याच महाडात सतरा-अठराशे वर्षांपूर्वी वाटसरूला आणि भिक्खूला पाणी मिळावे म्हणून कोणी डोंगर फोडून ठेवला होता. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत. दान ह्या शब्दाचेही तसेच आहे. त्याला मधल्या काळात जे चिकटले ते खरवडून काढले की आतला जुना दगड दिसतो.

तो दगड बघायचा तर आपल्याला लांब जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, आणि लेखही शंभरच्या आसपास. आपण लोक तिथे जातो, मोठ्या चैत्यात वंदना घेतो, फोटो काढतो आणि डबे खाऊन परत येतो. पण लेण्यांच्या व्हरांड्यातून, टाक्यांच्या वर, वाटेच्या कडेला जे कोरलेले आहे ते वाचले तर कळते की हा सगळा डोंगर माणसांनी थोडे थोडे देऊन उभा केलेला आहे. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट दिली. होय, वाट! लेणे नाही, मूर्ती नाही, डोंगरावरून चालायची वाट. कल्याण, सोपारा, नाशिक इथली माणसे इथे दान करून गेली. जवळच्या मागाठाण्याच्या शेताचे उत्पन्न वर्षावासातल्या भिक्खूच्या चीवरासाठी लावून दिल्याचाही लेख आहे. आज त्या मागाठाण्याच्या नावाचा बसडेपो आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथे बस बदलतात.

कान्हेरीच्या बाहेरही हेच चित्र. कार्ल्याला धेनुकाकट गावच्या एका सुताराने दरवाजा केला. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या दासकाने कुटुंबासह लेणे दिले, आणि दासक म्हणजे कोळी असा अर्थ पंडितांनी लावला आहे. कुड्याला माळ्याचे दान आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. शेलारवाडीला नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोचे दान आहे. सगळे दाते गरीब होते असे आम्ही म्हणत नाही. राजे होते, राण्या होत्या, मोठे व्यापारी होते, कान्हेरीचे मोठे चैत्यगृहच व्यापारी भावांनी करून दिलेले आहे. दान दिलेल्या शेतात राबणारा कोण होता, त्याचे नाव बहुधा कुठे येत नाही, हेही आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. मात्र त्या चैत्यगृहाच्या लेखात दगड घडवणाऱ्या आणि घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आहे. आम्ही ज्या इमारतींत आयुष्य काढले त्यांच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव एकदाही पाहिलेले नाही.

तर आजींना पहिले उत्तर हे, की कान्हेरीचे दान वरून खाली पडलेले नाही. लोहार, सोनार, सुतार, कोळी ह्यांनी आपल्या हातच्या कमाईतून दिलेले आहे. ते घेणाऱ्याची मान खाली घालायला लावत नाही. टाक्यावर पाणी पिणाऱ्याला सामिदतापुढे हात पसरावा लागत नव्हता.

ह्या लेखांत दानासाठी एक सुंदर शब्द पुन:पुन्हा येतो : देयधम. देण्याजोगी वस्तू, देणे हाच धम्म. आणि पुष्कळदा पुढे लिहिलेले असते की हे आईवडिलांसह आहे, हे सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी आहे. सत्त्व म्हणजे नुसता माणूस नव्हे. जे जे जिवंत आहे ते. जुन्नरच्या लेखांत आदुथुम नावाच्या शकाने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी दिल्याचे वाचले गेले आहे. बाहेरच्या मुलखातून आलेला माणूस, इथे उपासक झाला, आणि दान काय केले, तर झाडे. सम्राट अशोकाने तर हे राज्याचेच काम मानले. रस्त्याच्या कडेने माणसाला आणि जनावराला सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, पाणपोया ठेवल्या, हे त्याने स्तंभावर कोरून ठेवले आहे. माणूस आणि जनावर, दोघांची नावे तो बरोबर घेतो. संयुत्त निकायातही भगवंतांनी सांगितले आहे की जे वने, बागा लावतात, पूल बांधतात, पाणी आणि निवारा देतात त्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत असते.

हे सर्व मुलांना फळ्यावर सांगून भागत नाही. म्हणून सहल काढायचे ठरले. सहलीलाही इतिहास आहे, तो आम्हाला फार आवडतो. नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा आहे आणि आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ह्या आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा करायला. आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांची भेट, दान, म्हाताऱ्यांची विचारपूस, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे. म्हणजे सहलीची धम्मयात्रा करणारा पहिला माणूस अशोक! त्याच परिसरात भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला तो १९५६ साली. ज्या वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी. योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात पस्तीस मुले घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो. पायऱ्या चढायच्या आतच घोटाळा झाला. माकडे आली. मुलांच्या हातात वेफर्सची पाकिटे, बिस्किटे. एकाने बिस्किट फेकले, माकडाने झेलले, मग काय, सगळेच फेकू लागले. एक मुलगी आनंदाने ओरडली, "काका, आम्ही दान करतोय!" तेवढ्यात एका मोठ्या माकडाने लहान मुलाच्या हातची पिशवी हिसकावली, मूल रडू लागले, आणि प्लास्टिकचे पाकीट तोंडात धरून माकड झाडावर.

आम्ही रागावलो. रागावायला नको होते, कारण मुलांचा हेतू वाईट नव्हता. आमच्याबरोबर बालवर्ग घेणाऱ्या उपासिका होत्या, त्यांनी समंजसपणा दाखवला. सगळ्यांना वर नेऊन एका टाक्याजवळ कातळावर बसवले, डोळे मिटायला सांगितले, दहा मिनिटे आनापान. श्वास आत, श्वास बाहेर. नंतर म्हणाल्या, आता डोळे न उघडता ऐका काय काय आहे. मुलांनी एकेक सांगितले. पाखरू. पाने. खाली कोणाचा तरी मोबाईल. एक लहानगा म्हणाला, पाणी. टाक्यात कुठून तरी थेंब पडत होता, आम्हा मोठ्यांना तो ऐकूच आला नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडून टाके पाहायला लावले. वरच्या कातळात बोटभर खोल पन्हळी खोदल्या आहेत, त्यांतून पावसाचे पाणी वळवून टाक्यात आणले आहे. पावसाळ्यात भरले की भिक्खूंना ते पुढे उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. म्हणजे ज्याने हे टाके दिले त्याने आधी डोंगर नीट पाहिला होता. पाणी कुठून येते, कुठे थांबते, पिणाऱ्याला कधी लागते, हे बघून मग दिले. उपासिकांनी विचारले, "माकडाला बिस्किट देताना आपण काय पाहिलं?" सातवीतला एक मुलगा म्हणाला, "आम्ही माकडाला नाही पाहिलं, मजा पाहिली."

ह्याहून चांगले उत्तर आम्हाला तरी देता आले नसते. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच मुद्दा आहे, की दान हवे, पण प्रज्ञेशिवाय दान केले तर ते घेणाऱ्याला बिघडवूही शकते. प्रत्येक पारमिता प्रज्ञेच्या कसोटीवर घासून घ्यायची. राष्ट्रीय उद्यानातली माकडे रानातला पाला, फळे सोडून माणसाच्या पिशवीमागे लागतात, ते कोणाच्या तरी अशाच दानाने.

भगवंतांनी मुलांना शिकवताना हीच रीत वापरलेली दिसते. श्रावस्ती आणि जेतवनाच्या मध्ये काही मुले मासे पकडून त्यांना छळत होती. भगवंत त्यांना ओरडले नाहीत. तुम्हाला दु:खाची भीती वाटते का, ते तुम्हाला नकोसे वाटते का, एवढेच विचारले. आणि स्वत:च्या मुलाला, राहुलाला, तर पाय धुवायच्या पाण्याचे भांडे दाखवून शिकवले. त्यात उरलेले थोडेसे पाणी, मग ते ओतून टाकणे, मग भांडे उपडे करणे. मुख्य विषय खोटे न बोलण्याचा, पण पुढे सांगितले की आरसा जसा पाहण्यासाठी असतो तसे प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे : ह्याने मला, दुसऱ्याला त्रास होतो का? राहुलाला केलेला खोटे बोलण्याविषयीचा हा उपदेश भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावा असे अशोकाने बैराटच्या लेखात खास नाव घेऊन सांगितले आहे. लहान मुलाला दिलेला धडा सम्राटाने मोठ्यांच्या अभ्यासाला लावला.

दानाच्या बाबतीतही अंगुत्तर निकायात अशाच तीन वेळा सांगितल्या आहेत. देण्यापूर्वी मन आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी. ह्याचा अर्थ आम्हाला पुस्तकात नव्हे, चाळीत कळला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही लहान होतो. वडील संपात. महिने गेले, चाळीत चुली थंड होऊ लागल्या. गावाहून कोणाकडे तांदळाचे, नाचणीचे गाठोडे आले की आई त्यातले वाटीभर शेजारी नेऊन द्यायची. पण वाटी नेहमी पदराखाली झाकून. आम्ही विचारले, का झाकतेस? ती म्हणाली, "त्यांच्या पोरांनी बघितलं तर त्यांना वाटेल आपण मागून खातो." सति, स्मृती, सजगता ह्या शब्दांवर आम्ही पुढे बरीच प्रवचने ऐकली. त्या पदराएवढा खुलासा कोणी केला नाही.

मुलांचा आणखी एक प्रश्न नेहमी असतो : भिक्खू भीक मागतात का? नाही. भिक्खू पात्र घेऊन दाराशी मुकाट उभे राहतात, मागत नाहीत, विनवत नाहीत, मिळाले नाही तर पुढे जातात. आणि भगवंतांनी आपल्यालाच द्या असेही म्हटले नाही. वच्छगोत्ताने एकदा विचारले, तुम्ही फक्त स्वत:ला आणि आपल्या शिष्यांना दान द्यायला सांगता असे लोक म्हणतात, ते खरे का? भगवंत म्हणाले, खोटे आहे. कोणी भांडे धुतलेले पाणी, त्यातल्या जीवांना खायला मिळो असे म्हणून गावाबाहेरच्या डबक्यात टाकले तरी ते पुण्यच आहे, मग माणसाला देण्याचे काय सांगावे!

ही गोष्ट मुलांना भलतीच पटली. भांडे धुतलेले पाणी तर प्रत्येकाच्या घरी असते, त्याला आईबापाकडे पैसे मागावे लागत नाहीत. सहलीनंतरच्या रविवारपासून मुले तांदूळ धुतलेले पाणी बाटलीतून आणून विहाराच्या पिंपळाला घालू लागली. कोणाचे घर लांब, कोणाकडे नळ पहाटे अर्धा तास, तरी आणतात. पहिल्या आठवड्यात एकाने साबणाचे पाणी आणले, त्याला बाकीच्यांनीच विचारले, "झाडाला पाहिलंस का?"

आता नावाचा विषय. आपल्या विहारात पंख्याच्या पात्यावर, घड्याळावर, सतरंजीच्या कोपऱ्यावर देणाऱ्याचे नाव असते. एका पंख्याच्या तीनही पात्यांवर आहे, पंखा सुरू असेपर्यंत वाचता येत नाही एवढेच. त्यावरून आम्ही कधी कधी टीका करतो. पण कान्हेरीहून परत निघताना त्याच सातवीतल्या मुलाने आम्हाला अडवले. खाली लेण्याच्या भिंतीवर कोणी खिळ्याने नावे ओरखडून ठेवली होती, बाण-बदामासकट, आणि असे लिहिणे गुन्हा आहे हे आम्ही सांगत होतो. तो म्हणाला, "काका, मग त्या नंद लोहाराने कसं लिहिलं?"

आम्ही म्हणालो, त्याने आधी वाट दिली.

तो थोडा वेळ पायऱ्यांकडे बघत उभा राहिला. "मग काय दिलं की लिहायचं?" आम्ही काही बोलायच्या आत रांग पुढे सरकली.

विहाराच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ असतो. पूर्वी तो कधी भरलेला, कधी कोरडा. आता मुलांनी भरायच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत आणि नावांचा कागद खिळ्याला अडकवला आहे. सोमवार अमुक, मंगळवार तमुक. परवा कागद पाहिला तर गुरुवारच्या रकान्यात त्या मुलाने नुसते आपले नाव लिहिलेले नव्हते. आईचे नाव होते, वडिलांचे होते, पुढे 'यांच्यासह', आणि खाली वेड्यावाकड्या ब्राह्मी अक्षरांत, बहुधा आमच्या फळ्यावरून उतरवलेला, एक शब्द : देयधम. एक मात्रा चुकली होती. आम्ही ती दुरुस्त केलेली नाही.